डावीकडचं वळण

साल १९७१, डिसेंबर महिना. आमच्या विलोबेंड गावच्या रिंकमध्ये आइस हॉकीच्या सामन्याचा तिसरा भाग सुरू होता. लॉर्न हॅव्रिलुकनं दोन बचावपटूंना अंगावर घेतलं आणि त्यांना तसंच फरपटत नेऊन गोल केला. सगळा गाव उठून ओरडायला लागला. माझा नवरा क्लिफ तेवढा जागचा हलला नाही.

"हात गोठले का रे, क्लिफ?" मागून आमच्या न्हाव्यानं विचारलं. "हा बैल तुझं नशीब काढणार, आणि तू असा बसलायस!"

"रिंक लहान आहे," क्लिफ म्हणाला.

"झालं! आता रिंकही वाईट!"

क्लिफ दिवसभर एलिव्हेटरवर, म्हणजे गावच्या उंच धान्यकोठारावर, शेतकऱ्यांचा गहू मोजून घ्यायचा. हिवाळ्याच्या संध्याकाळी मात्र पूर्वेकडच्या एका व्यावसायिक क्लबसाठी ज्युनियर हॉकीतली पोरं पारखायचा. बारा वर्षं त्यानं हे काम केलं, पण त्यानं सुचवलेला एकही पोरगा वरच्या लीगमध्ये टिकला नाही. त्या शरदात त्याच्या वरिष्ठानं, बड रॅटरेनं, स्पष्टच सांगितलं होतं, "या वर्षी तरी एक खणखणीत पोरगा दे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

आणि नेमका त्याच वर्षी लॉर्न आमच्या संघात होता. एकोणीस वर्षांचा, सहा फूट चार इंच. दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा. असल्या खेळाडूला आता पॉवर फॉरवर्ड म्हणतात. आम्ही बैल म्हणायचो, तेही लाडानं.

पण क्लिफचं खरं होतं. आमचं रिंक गावकऱ्यांनी जुन्या गोदामात बांधलेलं, लांबीला कमी आणि रुंदीलाही कमी. तिथं लॉर्न चार ढांगांत जाळ्यापाशी पोचायचा, वळायची वेळच येत नसे. वरच्या लीगच्या ऐसपैस बर्फावर काय होईल, हे त्या गोंगाटात कुणाच्या मनात येणार?

क्लिफनं रविवारी त्याला पाईक लेकवर बोलावलं. तळ्यावरचं हिम फावड्यानं बाजूला करून ठेवलं होतं आणि लाकडाचे ओंडके मांडून वळणं आखली होती. मी ट्रकमध्ये हीटर लावून बसले होते. उजवीकडं पोरगा झकास वळला. डावीकडं वळताना मात्र तो भरलेल्या ट्रकसारखा बाहेर बाहेर जात राहिला, मग घसरला आणि बसल्या बसल्या थेट हिमाच्या ढिगात जाऊन रुतला. मी हॉर्न वाजवला. तो हसतच उठला.

क्लिफ हसला नाही. "पोरा, मी क्लबला नाही म्हणून कळवणार आहे. डाव्या पायावर तुझा भरवसा नाही. वर तुला कुणीही चकवून जाईल."

पारखणारा माणूस खेळाडूला असं कधी तोंडावर सांगत नाही. लॉर्नच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे ऐकायला मी चर्च बुडवून आलो? आई माझी चामडी सोलणार आहे!"

"कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

तो काठीनं बर्फ टोकरत उभा राहिला. मग म्हणाला, "मग वळायचं कसं, ते तरी सांगा."

"ते माझं काम नाही."

"माहीत आहे मला."

क्लिफनं ट्रककडं पाहिलं. मी मान खाली घालून थर्मासचं झाकण फिरवत बसले.

त्या रात्री क्लिफनं रॅटरेला फोन करून नकार कळवला. पुढच्या रविवारी मी उठले तेव्हा फावडं ट्रकमध्ये होतं.

सगळा हिवाळा तसा गेला. क्लिफ रबरी बूट घालून बर्फावर उभा, आणि तो धिप्पाड पोरगा उजवा पाय उचलून, नुसत्या डाव्या पायावर ओंडक्याभोवती फिरतोय.

"बगळ्यासारखा फिर!"

"काका, बगळे हिवाळ्यात दक्षिणेला जातात. शहाणे असतात ते!"

"पड पुन्हा! पडल्याशिवाय स्केटच्या पात्याची कड सापडत नाही!"

नंतर आमच्या स्वयंपाकघरात दालचिनीच्या बनांचं ताट रिकामं व्हायचं. त्याची आई कोबीच्या पानांत भात भरून डबा पाठवायची. क्लिफ तो गुपचूप एकटाच संपवायचा आणि डब्यावरून आमचं भांडण व्हायचं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या हिवाळ्यात ते आमच्या ध्यानातच राहिलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी लॉर्न डावीकडं वळला, ओंडक्याला अगदी घासून, आणि वळणात शिरला त्यापेक्षा जास्त वेगानं बाहेर पडला. क्लिफनं त्या वाऱ्यात टोपी काढून हातात घेतली.

घरी येऊन त्यानं रॅटरेला फोन लावला. रॅटरेचा आवाज असा, की मला चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं.

"बड, हॅव्रिलुकला घे. मी आधी चुकलो नव्हतो, पण आता तो वळतोय."

"कुठं बघितलंस? सामन्यात?"

"तळ्यावर. मीच शिकवलं."

"दर रविवारी तुझ्याकडं जेवतो म्हणे."

"हो."

"क्लिफ, आता तू पारखी राहिला नाहीस. त्याचा काका झालायस. आणि काकांच्या मतावर मी पोरं घेत नाही."

"काका झालोय, खरं आहे. पण तो वळतोय हेही खरं आहे. दुसरं कुणाला तरी पाठव. बघू दे त्याला."

रॅटरेनं कुणाला पाठवलं नाही.

जूनमध्ये क्लबांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा दुसऱ्या एका क्लबनं लॉर्नला दुसऱ्याच फेरीत उचललं. ऑगस्टमध्ये रॅटरेचा फोन आला. "गावातला पोरगा, तुझ्या नाकासमोरचा, आणि तू नाही म्हणालास! मी दुसरा माणूस बघितलाय." क्लिफनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी भडकले. "मार्चमधलं का नाही सांगितलंस त्याला?"

"त्याला आठवतंय, आयव्ही. म्हणून तर एवढा ओरडत होता."

रॅटरे पुढं दोन क्लब फिरला आणि निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेला. दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं. आत मजकूर नसायचा, नुसती सही. एका वर्षी हिमाच्या भारानं जुन्या रिंकचं छप्पर बसलं. नव्यात वळायला भरपूर जागा आहे. लॉर्न वर नऊ हंगाम खेळला. एकदा त्यानं फोनवर विचारलं, "काका, पेपरवाले विचारतायत मला कुणी शोधलं. तुमचं नाव सांगू?" क्लिफ म्हणाला, "काय सांगशील? मी नाही म्हणालो होतो, हे?" दोघं इतके हसले की मला फोन काढून घ्यावा लागला. गुडघे गेल्यावर लॉर्न गावी परतला आणि त्यानं शेतीच्या अवजारांचं दुकान टाकलं.

क्लिफ एलिव्हेटरवरच राहिला, तो बंद पडेपर्यंत. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो गेला. पेटी उचलायला सहा जण होते, त्यांत लॉर्न. बाकीचे पाच बेताच्या उंचीचे. लॉर्न सरळ उभा राहिला तेव्हा पेटी एका बाजूला कलली. त्यानं एकदा खाली पाहिलं आणि चर्चच्या दारापासून कबरीपर्यंत, चिखलातून, त्या दुखऱ्या गुडघ्यांत वाकून तो बाकीच्यांच्या उंचीनं चालत गेला.