कापसाची खोली

उर्वशीनं दार ढकललं, तर ते अर्ध्यावरच अडलं. आत खिडकीच्या वरपर्यंत कापूस होता.

सकाळपासून कॉलेजच्या आसपास तिनं चार खोल्या पाहिल्या होत्या. चारही रिकाम्या होत्या. तिनं आडनाव सांगितलं की भरायच्या. ही पाचवी खरोखरच भरलेली होती, म्हणूनच बहुधा मिळत होती.

"बोरी अरब गावच्या वावरातला हाय," घरमालकीण इंदूबाई म्हणाल्या. "भाव आला का इकून टाकतो. तोवर भाडं अर्धं. कापूस गेला का पुरं."

"भाव कधी येईन जी?"

"दोन वर्सांपासून येऊनच राह्यला."

उर्वशीनं बॅग आत टाकली. अर्ध्याच्या वर भाडं तिच्या बाबांना झेपणार नव्हतं.

खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही, उदबत्तीसुद्धा लावायची नाही, एवढ्याच अटी. कापसातले लाल किडे वहीवर फिरत, अंगाला खाज सुटे. ती खोबरेल लावून वाचत बसे. घरी बैलबंडीत तुडवायची तसा रोज सकाळी ढिगावर चढून कापूस तुडवी. चार बोटं जागा निघे. महिन्याभरात खाट मावली, मग टेबल.

"पोरगी गुणाची हाय," इंदूबाई शेजारणीला सांगत. "कापसाले काही तरास नाही तिचा."

दर गुरुवारी मारेगावाकडून बाबांचा फोन इंदूबाईंकडे येई. बाबांच्याही घरात भावासाठी थांबवलेला कापूस होता. माणसं ओसरीत झोपत.

"शहरात भाव काय म्हणते?"

"तसाच हाय, बाबा."

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. गुरुवारी फोन वाजला तेव्हा इंदूबाई न्हाणीत होत्या. बाबांचा समजून उर्वशीनं उचलला, तर कापसाचा व्यापारी.

"बाईले सांगा, भाव चढला. चांगला चढला. सांजेपर्यंत हो म्हना, उद्या गाडी धाडतो. परवा राह्यते का नाही, माहीत नाही."

"हो, सांगतो बाईले," ती म्हणाली.

इंदूबाई केस पुसत आल्या.

"कोनाचा होता वं?"

"राँग नंबर."

इंदूबाई फोनशेजारीच सुपात तूर घेऊन निवडायला बसल्या. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. या वेळी बाबाच होते.

"पोरी, इथं लोक काहीबाही सांगून राह्यले. मले कोनाचा भरवसा नाही. भाव चढला का?"

सुपावरचा इंदूबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

"नाही, बाबा. तसाच हाय."

"मंग थांबतो."

"थांबा."

इंदूबाईंनी सुस्कारा सोडला आणि तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

उर्वशी खोलीत आली. सकाळी एकदा तुडवून झालं होतं. तिनं चपला काढल्या, खाटेवर पाय देऊन ढिगावर चढली, आणि पुन्हा तुडवू लागली.