हात काढ

थोरली विजेच्या मोटारी दुरुस्त करायची. जळालेली तार उपसायची, नवी गुंडाळायची आणि मेलेल्या मोटारीला पुन्हा फिरायला लावायचं, हा तिचा धंदा. दुकान वडिलांचं. वडील गेले, पण त्यांची एक सवय दुकानात राहिली. मोटार चालू करण्याआधी बटणाला दोन टिचक्या द्यायच्या, मोटार जागच्या जागी गुरगुरते: टर्र, टर्र. म्हणजे हात काढ, आता सुरू करतोय. ज्याचा हात मोटारीजवळ असेल त्यानं तोंडानं म्हणायचं, ‘काढला’. ते ऐकू आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो. पंख्याच्या पात्यानं वडिलांचं बोट नेलं तेव्हापासून हे सुरू झालं. ते बोट आईनंच फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं, त्यामुळे या बाबतीत घरात कुणी चेष्टा करत नसे.

धाकट्याला मात्र दुकानापेक्षा पाण्याचं वेड. त्यानं कुठून तरी एक जुना फॉइल बोर्ड पैदा केला. वर उभं राहायची फळी, खाली पाण्यात उतरणारा खांब आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग आला की ते पंख फळीला पाण्याच्या वर उचलतात आणि माणूस हवेत तरंगल्यासारखा जातो. आता वेग यायला लाटा हव्यात, आणि यांच्या धरणाच्या पाण्यात लाट म्हणजे म्हैस उतरली तर उठेल तेवढीच! म्हणून बहीणभावांनी खांबाला पाणी कापणाऱ्या पंख्याची छोटी मोटार बसवली. फळीवर डब्यात बॅटरी, मनगटाला बांधलेला रिमोट. मोटारीनं ढकलायचं, पंखांनी उचलायचं. पहिल्यांदा तो पाण्यावर उचलला गेला तेव्हा थोरली काठावर वेड्यासारखी ओरडली होती. डाव्या पायावर जास्त भार टाकून, जरा तिरका उभा राहायचा तो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बोर्ड एकटाच धक्क्याला परत आला. मोटार चालू होती. धाकटा सापडला नाही, त्याच्या मनगटावरचा रिमोटही नाही. पाणबुड्यांनी तळ चाळून काढला आणि हात हलवत परत गेले.

तेव्हापासून आई धक्क्यावर बसायची. पुढे जेवणही तिनं सोडल्यातच जमा होतं. तिचं म्हणणं एकच होतं, बोर्ड दुरुस्त कर, तो बोर्डाशिवाय परत येणार कसा? थोरलीनं समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. आई ढिम्म. मनगटं काड्यांसारखी झाली तिची. एक गेलाच होता, दुसरं माणूस डोळ्यांदेखत चाललं होतं. शेवटी थोरलीनं ठरवलं, बोर्ड नीट करायचा, पाण्यात सोडायचा आणि आईला दाखवायचं की बघ, रिकामा आहे, कुणी येत नाही. मग तरी दोन घास खाईल.

मोटारीत गाळ भरला होता. तिनं बेअरिंग बदलली, तार नव्यानं गुंडाळली, सांधे पाणी शिरू नये म्हणून बुजवले. शेजारच्या लेथवाल्यानं खांबाची पकड नवी करायला घेतली आणि वर ही नसती उठाठेव कशाला म्हणून ऐकवलंही. रिमोट नवा आणला. त्याचे संकेत घेणारा, बोर्डावरचा रिसीव्हरही नवा. एका रिसीव्हरची जोडी एकाच रिमोटशी जुळते. जुना रिमोट पाण्याच्या तळाशी होता, त्याचा आता काही संबंध नव्हता.

बोर्ड टेबलावर उलटा ठेवून ती पंख्याचा नट आवळत होती. बॅटरी जोडलेली, पण नव्या रिमोटमधले सेल काढून खणात ठेवलेले.

टर्र, टर्र.

वर्षानुवर्षांची सवय. तिनं हात मागे घेतला आणि तोंडातून आपसूक गेलं, “काढला.”

त्यासरशी पंखा पूर्ण वेगानं फिरला.

आधी तिला रागच आला. लेथवाल्यानंच काही तरी चावटपणा केला असणार! पण लेथवाला दारात उभा होता, दोन्ही हातांत खांबाची नवी पकड घेऊन, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. रिसीव्हरवर हिरवा दिवा लागला होता. जोडीचा रिमोट चालू असल्याशिवाय तो लागत नाही. तिनं बॅटरीचा प्लग उपटला. लेथवाला हळूच म्हणाला की पाण्याखालून असले संकेत हातभरही येत नाहीत. ते तिलाही ठाऊक होतं.

आईला तिनं अवाक्षर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड धक्क्यावर नेला तो प्लग काढूनच. पाण्यात ठेवला आणि नुसता ओढून दाखवायचा म्हणून दोर आणायला वळली, तेवढ्यात आई कमरेइतक्या पाण्यात उतरलीही होती. अख्खा जन्म मोटारींच्या दुकानात काढलेली बाई ती, तिला प्लग कुठला ते सांगायला लागत नव्हतं. तिनं डबा उघडला आणि प्लग खोचला.

हिरवा दिवा लागला. बोर्ड सरकला. आईनं दोन्ही हातांनी फळीवरची मूठ धरली आणि बोर्ड तिला घेऊन निघाला, सांडव्याच्या दिशेनं. तिकडे दरवाजे उघडे होते, पाणी खाली कोसळत होतं. थोरली काठानं धावत सुटली, खिशातले सेल नव्या रिमोटमध्ये खोचून तो दाबत राहिली. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

सांडव्याच्या अलीकडे तरंगत्या पिंपांची साखळी बांधलेली होती. तिथे पोहोचल्यावर मोटार थांबली. आईनं मूठ सोडली नाही. प्रवाह तिला आणि बोर्डाला साखळीच्या खालून ओढायला लागला.

टर्र, टर्र.

मग शांतता. मोटार उत्तराची वाट बघत होती.

“आई, हात काढ!” थोरली ओरडली. “अगं, तो सांगतोय, हात काढ!”

आईनं मान वळवून लेकीकडे पाहिलं. मग रिकाम्या फळीकडे. तिचे ओठ हलले आणि पाण्यावरून तिचा आवाज स्पष्ट आला, दुकानात यायचा तसाच.

“काढला, बाळा.”

तिनं मूठ सोडली आणि साखळी धरली. बोर्ड सुरू झाला, वेग घेतला, पाण्याच्या वर उचलला गेला. रिकामी फळी कलंडायला हवी होती. ती कलंडली नाही. जरा डावीकडे झुकून, कुणाचा तरी भार पेलत, ती उसळी मारून साखळीवरून पलीकडे गेली आणि सांडव्याच्या कडेवरून दिसेनाशी झाली.

थोरलीनं पोहत जाऊन आईला काठावर आणलं. आईचे हात थंडगार पडले होते. तिनं रिकामे तळवे एकमेकांवर घासले आणि ती म्हणाली, घरी चल, भूक लागलीय.

आता आई धक्क्यावर जात नाही. दुकानात मागच्या खोलीत बसते. थोरली बटणाला दोन टिचक्या देते, तेव्हा टेबलाजवळ कुणी नसलं तरी आतून आईचं ‘काढला’ ऐकू येतं. मगच थोरली मोटार चालू करते.