चिकटवलेली पानं

"बाई, हे बाळ आलं कुठून?"

वाचनालयात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पण उसळली ती हास्याची लाट, आणि बाकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेली. प्रश्न विचारणारी होती भोंगा. नाव आवाजामुळे पडलेलं. त्याच आवाजामुळे गेल्या महिन्यात तिला शुक्रवारच्या तासाला कादंबरी मोठ्यानं वाचायचं काम मिळालं होतं. तेव्हापासून स्वारी जमिनीवरून चालतच नव्हती. आणि मैत्रिणींनी पैज लावलेली, "हिंमत असेल तर विचारून दाखव!"

प्रश्न तसा रास्तच होता. कादंबरीतली नवी नवरी चौसष्टाव्या पानावर नवऱ्यावर रागावून दार आपटते. मग चार पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्यानंतर थेट पाळणा!

ग्रंथपाल बाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "ती पानं खराब होती. बांधणी करणाऱ्यानं चिकटवली असतील."

सगळ्या वर्गाच्या माना भोंगाकडे वळल्या. शाळेच्या पुस्तकांची बांधणी करणारा म्हणजे तिचाच बाप!

"अगंबाई, घरचाच चोर!" काडी कुजबुजली. तिला काडी म्हणायचे ते नुसती बारीक म्हणून नव्हे.

"पुढच्या शुक्रवारी पाळण्यापासून पुढे वाचायचं," बाई म्हणाल्या. "जमत नसेल तर वाचायला दुसऱ्या मुली आहेत."

ते वाचन गेलं असतं तर भोंगा जेवली नसती. तरी शाळा सुटल्यावर पुस्तक पिशवीत घालून ती तडक बाबांच्या कारखान्यात गेली. कारखाना कसला, एक लांबोडकी खोली. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात दाबयंत्र. बाबा एका पुस्तकाच्या पाठीला कापड लावत होते, आई मोठ्या सुईनं पानांचे गठ्ठे शिवत होती.

"बाबा, हे तुमचं काम?"

बाबांनी चष्मा वर केला, पान बघितलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शाळेनं सांगितलं, चिकटवा. मी चिकटवलं."

"वाचलं होतंत?"

"छे! डोळे मिटून खळ लावली."

"तरीच वाकडी लागलीय," आई सुई न थांबवता म्हणाली. "मी वाचलं होतं."

बाबांच्या हातातला ब्रश खळीच्या डब्यात बुडाला. "कधी?"

"शिवताना. पानं काय मिटलेली येतात माझ्याकडे?"

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

भोंगानं हसू दाबायला ओठ चावला, पण ते नाकातून निसटलं. आईनं तिच्याकडे बघितलं आणि सुई खाली ठेवली. "हसू नकोस. तुझ्याएवढी असताना मला वाटायचं, कुणी हात धरला की मूल होतं. भावाच्या मित्रानं रस्ता ओलांडताना हात धरला, तर महिनाभर मी रोज पोट चाचपत होते. विचारणार कुणाला? सगळ्यांच्याच तोंडाला खळ!"

बाबांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी तिघंही पुठ्ठ्यांच्या चळतीवर कोसळून हसले. हसता हसताच बाबांनी चहाचं आधण चढवलं आणि वाफेवर पानं धरली. सुरी इतकी हळू फिरवली, जणू झोपलेल्या माणसाचा चष्मा काढतायत.

पानं सुटली. तिघांनी डोकी जवळ घेतली.

नवरा जवळ येतो. ती म्हणते, "आज नाही. मला भीती वाटते." तो थांबतो. "मलाही वाटते," म्हणतो. मग पहाटेपर्यंत दोघं बोलतात: आपल्याला लहानपणी काय काय खोटं सांगितलं होतं, शरीराची लाज कुणी शिकवली. बऱ्याच दिवसांनी तीच त्याला हाक मारते. पुढे दोनच ओळी, त्यातही दोघं हसतायत.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "यासाठी मी खळ वाया घालवली?"

"खळीचं सोडा," आई म्हणाली. "तिचं 'नाही' आणि त्याचं थांबणं, तेच नेमकं बुजवलंत. पोरींच्या हाती उरलं काय, तर आपटलेलं दार आणि पाळणा!"

बाबांनी ओलसर कडा फडक्यानं टिपल्या आणि पुस्तक लेकीपुढे सरकवलं.

भोंगा उठून उभी राहिली. आवाज तोच, आठ घरांना ऐकू जाणारा.

"आई, बाबा, ऐका! शुक्रवारी मी हीच पानं वाचणार, एक ओळ न गाळता. चोरून नाही. आत्ताच बाईंच्या घरी जाते आणि त्यांना आधी वाचून दाखवते. त्यांनी वाचन काढून घेतलं, तर मधल्या सुट्टीत मैदानात उभी राहून वाचेन. आणि बाबा, पानं कुणी सोडवली असं विचारलं, तर तुमचं नाव सांगणार!"