रस्त्यापर्यंत दोनशे पावलं

मावशी गेली हे सगळ्यांत आधी लहूंना कळलं. मावशी म्हणजे पाच मेंढ्यांतली थोरली, तांबड्या तोंडाची, चाऱ्याला जरा उशीर झाला की दाराला ढुशा मारून घर डोक्यावर घेणारी. त्या सकाळी दाराला ढुशी बसली नाही, तेव्हाच लहूंनी ओळखलं. आत जाऊन पाहिलं तर ती कोपऱ्यात पाय ताणून पडली होती आणि बाकीच्या चौघी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. लहूंनी चारा टाकला, पाण्यावरचा बर्फ फोडला आणि मावशीला हात न लावता घरात येऊन सुनेला सांगितलं.

हे सगळं खटलं धम्मपालचं, म्हणजे लहूंच्या मुलाचं. त्यांच्या घराण्यात माहीत असेल तिथपर्यंत कुणाच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून त्याला ती हवीच होती. आणि शहाण्यानं घेतली कुठे, तर जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखपासून वीस किलोमीटरवरच्या खेड्यात, जिथे हिवाळ्यात जमीन आहे की नाही हे फावड्यानं उकरून बघावं लागतं. जुनं घर, गोठा, दीड एकराचा तुकडा, मेंढ्या, बारा कोंबड्या. नोकरी करून दोघं हे सहज सांभाळू, असा त्याचा अंदाज होता. तो स्वतः बुधवारपासून कंपनीच्या कामाला ड्युसेलडॉर्फला होता आणि त्याच्या अंदाजातला त्याचा वाटा बायकोच्या, प्रियाच्या अंगावर पडला होता.

प्रिया साडेपाचला उठायची. किटलीभर कढत पाणी गोठ्यात, किटलीभर कोंबड्यांना, कारण बाहेरचा नळ आठवडाभर गोठलेला. मग वाटेवरचा बर्फ, मग लाकडं, मग राख, आणि साडेनऊला केस नीट करून लॅपटॉपसमोर. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून, कारण बर्फाला लाज नसते. लहू तीन महिन्यांसाठी आले होते. वय चौऱ्याहत्तर, वाशीमच्या एसटी वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर. ते निम्मं काम मुकाट्यानं करायचे. सासरा-सून दिवसभरात फारसं बोलत नसत. बोलायला लागणारी ताकद दोघंही लाकडांसाठी राखून ठेवायचे.

मेलेलं जनावर इथे पुरता येत नाही. कळवायचं, मग गाडी येऊन घेऊन जाते. प्रियानं फोन केला. पलीकडच्या बाईनं सांगितलं की गाडी नऊच्या सुमाराला येईल, पण एवढ्या बर्फात ड्रायव्हर आतल्या वाटेला वळणार नाही. जनावर मोठ्या रस्त्याच्या कडेला आणून ठेवा, नाहीतर मग सोमवारी. तो शुक्रवार होता. गोठ्यापासून रस्ता दोनशे पावलं, लहूंनी कितीदा तरी मोजली होती.

"बाबा, येता का जरा? मला एकटीला नाही होणार," प्रिया बूट चढवत म्हणाली.

"मी नाही येत," लहू म्हणाले.

तिनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. का, असंही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात ती तापानं फणफणली होती आणि अजून जिना चढताना मधे थांबत होती. तिनं हातमोजे घातले आणि गेली.

कारण होतं, पण ते लहूंनी सुनेला कधी सांगितलं नव्हतं, मुलालाही अर्धंच. त्यांच्या बापाला, आणि त्याच्या बापाला, गावातली मेलेली ढोरं ओढावी लागत. ढोर पाटलाचं, पण मेलं की यांचं. निरोप आला की हातातला घास टाकून उठायचं. लहू सहा वर्षांचे असताना बापानं दीक्षा घेतली आणि घरातलं ढोरं ओढायचं चऱ्हाट कोयत्यानं तोडून चुलीत घातलं. ते ओलं होतं, दिवसभर धुमसत राहिलं. पुढच्याच आठवड्यात पाटलाचा बैल मेला, निरोप आला आणि बाप जागचा हलला नाही. मग गावानं विहीर बंद केली, गिरणी बंद केली, आणि महिनाभर अख्ख्या वस्तीनं भिजवलेली ज्वारी खाल्ली. त्या महिन्यात एकदा बापानं लहूंना समोर बसवून शब्द घेतला, की मेलं जनावर ओढायला जन्मात दोरी धरायची नाही. लहूंनी तो अडुसष्ट वर्षं पाळला. पाळायला फारसं काही लागलं नव्हतं म्हणा. वर्कशॉपमध्ये बसगाड्या मरतात, बैल नाही.

आता ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते आणि शब्द पाळत होते.

प्रियानं मावशीला कशीबशी ताडपत्रीवर लोटली, मागचे पाय आणि ताडपत्री निळ्या दोरीनं एकत्र बांधली आणि ओढायला लागली. दहा पावलं झाली की थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून वाकायची, पुन्हा दहा पावलं. काल उकरलेली वाट रात्रीतून परत भरली होती. चौथ्या खेपेला ती घसरली आणि बसूनच राहिली. लहूंना स्वतःची लाज वाटली. मग बापाचा राग आला. एवढं सगळं पुढचं कशाला बांधून ठेवलंस, असं ते काचेपाशी पुटपुटलेही.

तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं शेजारचा वाइडनर येताना दिसला. ऐंशी गाई, दोन ट्रॅक्टर, गावातली निम्मी शेतं त्याची, म्हणून लहूंनी मनातल्या मनात त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. ट्रॅक्टर थंडीत चालू झाले नसावेत, कारण पाटील खांद्यावरून दोरी घेऊन, वाकून काहीतरी ओढत होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर आला तेव्हा दिसलं, मेलेलं वासरू होतं. पुढे गडी नाही, मागे गडी नाही, कुणाला निरोप गेलेला नाही. त्यानं वासरू कडेला ठेवलं, वर जुनं कापड टाकलं, कंबर धरून सरळ झाला आणि टोपीनं तोंड पुसलं. वासरू गेल्याचं दुःख त्याच्या उभं राहण्यात दिसत होतं. ते ओढण्याचं मात्र त्याला काहीच वाटत नव्हतं. लहूंना हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी कोट ओढला, बूट चढवले आणि बाहेर पडले.

ते पोचेपर्यंत वाइडनर प्रियाला हात देऊन उठवत होता. ती त्याच्याशी जर्मनमध्ये दोन शब्द बोलली आणि वळली.

"बाबा, हे म्हणतायत, राहू दे, मी नेतो. देऊ का त्यांना?"

वाइडनर दोरीसाठी हात पुढे करून उभा होता. खोटं कशाला बोला, लहूंना तो क्षण गोड लागला. पाटील त्यांच्या पोराची मेलेली मेंढी ओढायला तयार होता. हे बघायला बाप हवा होता, भिजवलेली ज्वारी खाणारी सगळी वस्ती हवी होती. नुसती मान हलवायचा अवकाश होता. पण तो हात त्यांच्या अगदी समोर होता. तळव्यावर दोरीचा लाल वळ उठला होता. तसला वळ लहूंनी लहानपणी बापाच्या हातावर रोज पाहिला होता.

"त्याले सांग, उपकार झाले," लहू म्हणाले. "पण नको म्हणावं. आपली मेंढी आपण ओढू."

त्यांनी प्रियाच्या हातातून दोरी घेतली. चटका बसेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, दोरी गार होती आणि ओली होती. प्रियानं दोरीचं मागचं टोक धरलं. दोघं ओढू लागले. वाइडनर मागून चालत राहिला, आणि ताडपत्री अडकली की वाकून तिची कड उचलून देत होता.

दर दहा पावलांना थांबावं लागत होतं, आणि प्रत्येक थांब्याला लहू दम घेत थोडं थोडं सांगत गेले. पहिल्या थांब्याला चऱ्हाट चुलीत गेलं, तिसऱ्याला विहीर बंद झाली. प्रिया नागपूरची, असल्या गोष्टी तिनं सभांतून पुष्कळ ऐकल्या होत्या, पण रोज आपल्या हातचा चहा पिणाऱ्या माणसाकडून कधीच नाही. ती फक्त ऐकत होती आणि हातमोज्यानं नाक पुसत होती.

रस्त्याच्या कडेला त्यांनी मावशीला वासराशेजारी ठेवलं. वाइडनरनं आपलं कापड ओढून दोघांवर पुरवलं. नऊ वाजून गेले होते, गाडीचा पत्ता नव्हता. लहूंच्या खांद्यातून कळा निघत होत्या.

"बाबा, म्हणजे माझ्यामुळे तुमचा शब्द मोडला," प्रिया म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

लहूंनी दोरी सोडवली, गुंडाळली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"बापानं इचारलं त सांगीन," ते म्हणाले. "मेंढी आपली होती."

तिची मीटिंग साडेनऊची होती. दोघं आपल्याच पावलांच्या खुणांतून परत निघाले. गोठ्यातलं पाणी तोवर पुन्हा गोठलं होतं.