नऊ दिवस

कॉलेजात सगळे त्यांना संगणकवाल्या बाई म्हणत. वर्गातली साठ मुलं एकमेकांचं उतरवण्यात पटाईत, म्हणून संख्याशास्त्राच्या सरांनी बाईंना फर्मान काढलं की घरी सोडवायच्या परीक्षेत प्रत्येकाला वेगळी आकडेवारी द्या. खोटी चालेल, पण अहवालाशी जुळली पाहिजे. अहवाल होता हृदयाच्या ऑपरेशनचा. पेशंट चाळीस. ऑपरेशननंतर वॉर्डात काढलेले दिवस: सरासरी अकरा, जास्तीत जास्त तीस, कमीत कमी शून्य.

शून्य वाचलं आणि बाईंनी अहवालाचं पहिलं पान उलटून पाहिलं. हॉस्पिटल तेच, वर्ष तेच. शून्य म्हणजे जी टेबलावरच गेली, जिला वॉर्डात आणलंच नाही ती. त्यांची ताई. बाकीचे सगळे घरी गेले, हे तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं. धाकट्या बहिणीने त्यात समाधान मानायचं, आता बोला!

काम कसलं, नुसतं बटण दाबायचं. दाबलं की मशीन चाळीस माणसं रचायचं आणि त्यातलं एक शून्यावर ठेवायचं. कधी म्हातारा, कधी तरणी पोर. पण एक जायचंच. सुटका नव्हती.

शेवटी बाईंना राहवेना. एका यादीत त्यांनी शून्य खोडून नऊ लिहिले आणि दुसऱ्या नऊ जणांचा एकेक दिवस काढून घेतला. एका दिवसाने कोणाचं काय बिघडतंय? सरासरी जुळली. कमीत कमी मात्र तीन झालं. म्हटलं, बघतंय कोण.

बघितलं. ती यादी मिळालेला मुलगा सरांना घेऊनच आला.

"अहवालात शून्य आहे, माझ्या यादीत शून्य कोणीच नाही," तो रडवेला होऊन म्हणाला. "मार्क जातील ना माझे."

"राहू दे ना सर, एखादी," बाई म्हणाल्या.

"एखादी कशी राहील, बाई? परीक्षा आहे," सर समजुतीने म्हणाले. भला माणूस, पण त्यांना काय माहीत. बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. मुलाकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"नवी यादी काढून देते."

"नको ना. अर्धं सोडवून झालंय. चुकलंय तेवढंच बदला."

नऊ जणांचे दिवस परत करायला कितीसा वेळ लागणार. मग ती ओळ उरली. इतके दिवस शून्य मशीन टाकत होतं.

"हीच का ती?" मुलाने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नऊ पुसून शून्य लिहिलं.