कधीही न धुतलेला झगा

सकाळचे साडेनऊ. मंगळवार, फेब्रुवारी १८७४. लँकशायरमधलं एक गिरणीगाव, तिथल्या प्रार्थनाघराची मागची खोली. टेबलावर मी पसरलेला होतो. मी क्रेप नावाच्या चुणीदार कापडाचा एक काळा झगा, सहा-सात वर्षांच्या मुलीनं सुतकात घालायचा.

घरात मरण आलं की पोरानंही काळ्यातच दिसायचं, अशी तिथली रीत. ज्यांना ते जमत नसे त्यांना प्रार्थनाघराच्या बायकांची समिती मला वापरायला देई. सुतक फिटलं की त्याच दिवशी मला घराबाहेर काढत. काळा क्रेप घरात राहिला तर आणखी एक मरण ओढवतं, असं सगळे मानत. आणि मला पाणी कुणीच लावत नसे, कारण क्रेप भिजला की त्याची चुणी जाते, डाग उठतात. झटकायचं, घडी घालायची, पुढच्या पोरीला द्यायचं.

त्या सकाळी डोर्कस पिलिंग आली. तिचा नवरा शनिवारी गिरणीतल्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला होता. दफन दुपारी होतं. तिच्यासोबत सहा वर्षांची मुलगी झिला आणि नणंद टेमर. टेमर लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. तिनं मला उचलून नाकाला लावलं.

"आधी कुणी घातला होता हा?"

"गरजूंनी," समितीच्या ओलरेन्शॉबाई म्हणाल्या.

"गरजूंना नावं नसतात वाटतं?"

ओलरेन्शॉबाई माझी बाही सरळ करत राहिल्या.

"मी उकळून काढते. तासाभराचं काम."

"अगं, हा क्रेप आहे, तुझ्या गिऱ्हाइकांच्या चादरी नव्हेत! पोतेरं होईल त्याचं. बापाच्या दफनाला पोर पोतेऱ्यात नेणार?"

डोर्कसला रडू फुटलं. "वन्सं, राहू द्या ना. आज तरी लोकांनी बोट दाखवायला नको."

"लोक जातील आपापल्या घरी. पोर तुझी आहे."

पण मला झिलाच्या अंगावर चढवलं गेलं.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आठवड्यापूर्वी माझ्यात एफी नावाची पोर तापानं फणफणली होती. मला उतरवलं तेव्हा तिच्या गळ्यावर लाल पुरळ होतं. चौथ्या दिवशी ती गेली आणि तिच्या आईनं घाबरून मला त्याच संध्याकाळी परत पाठवलं. ओलरेन्शॉबाईंनी स्वतःच्या हातांनी मला घेतलं होतं. एफी कशानं गेली, हे त्यांना ठाऊक होतं.

दफनाच्या वाटेवर झिलानं कॉलरमध्ये बोट घातलं. "आई, इथे तांबडा केस आहे. माझा नाहीये."

"गप्प चाल."

"आई, आत कुणीतरी आहे. तिला गरम होतंय."

पाचव्या दिवशी झिला तापली. माझा रंग तिच्या मानेवर उतरला होता. डोर्कस ओल्या फडक्यानं ते काळं पुसत राहिली. काळं निघालं तशी खालून लाली दिसू लागली.

"हा झगा कुठून आणला?" डॉक्टरांनी विचारलं. डोर्कसनं टेमरकडे पाहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी झिला गेली. टेमर मला चुलीत घालायला निघाली होती. डोर्कसनं तिचा हात धरला. "नको, वन्सं. समितीचा आहे तो. परत द्यायला हवा." क्रेप घरात ठेवायची तिला भीती वाटत होती आणि जाळायचीही.

टेमरनं मला ओलरेन्शॉबाईंच्या पुढ्यात आपटलं. "आता तरी नाव सांगा."

"देवाची इच्छा," बाई म्हणाल्या आणि मला झटकू लागल्या.

त्यानंतर मला आणखी दोघींना दिलं गेलं.

आज मी एका संग्रहालयात काचेमागे आहे. पाटीवर लिहिलंय : 'उत्तम स्थिती. कधीही धुतलेला नाही.' मुली येतात, काचेला नाक लावतात. पोरींनो, मागे सरा. कॉलरमध्ये अजून दोन रंगांचे केस आहेत.

शेजारी समितीची वही उघडून ठेवली आहे. मला कधी कुणाला दिलं, ते तिच्यात लिहीत. फेब्रुवारी १८७४चं पान तिच्यात नाही.