दाजींचा अर्धविराम

आमचे दाजी इंग्रज होते, पण तसे माणूस म्हणून वाईट नव्हते. कुणाशी चढा आवाज नाही, पिणं मापात, जेवताना माशाचे काटेसुद्धा ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवायचे. आयुष्यभर भांडले ते एकाच गोष्टीवरून, अर्धविरामावरून. वर टिंब, खाली शेपटीवालं टिंब, एवढंसं ते चिन्ह. त्यावरून माणूस कानापर्यंत लाल होतो, हे मी त्यांच्याचकडे बघून शिकले.

नाव बर्नार्ड. गावाने त्याचं वेर्नार्दोस करून टाकलं. लंडनला एका छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायची नोकरी होती त्यांची. सुट्टीला ग्रीसमधल्या आमच्या बेटावर आले, माझ्या मोठ्या बहिणीच्या, मार्केलाताईच्या, खानावळीत जेवले आणि जेवण झाल्यावर खिशातून लाल पेन्सिल काढून तिची इंग्रजी पाटी तपासून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पाटीत आणखी चुका सापडाव्यात म्हणून ताईनेही मग मुद्दाम दोन घातल्या, असं माझं मत आहे. ती नाही म्हणते. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

आता पंचाईत अशी की इंग्रजांचा जो अर्धविराम, तेच आम्हा ग्रीकांचं प्रश्नचिन्ह. आमच्याकडे वाक्याला हात लावावा लागत नाही, शेवटी हे चिन्ह ठेवलं की प्रश्न तयार. 'पाव संपला.' म्हणजे संपला. 'पाव संपला;' म्हणजे संपला का? माझी पावाची भट्टी आहे, फिलिओची भट्टी म्हणतात. दाराशी मी पाटी लावली होती, 'भूक लागली;' म्हणून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दाजी पाटीसमोर येऊन उभे, ते हलेचनात.

"काय झालं दाजी?"

"फिलिओ, पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे?"

"भूक लागली, अर्धविराम. दुसरं वाक्य कुठाय?"

"आत आहे, ताटात. या, बसा."

हसले नाहीत. दाजी हसायचेच नाहीत. पण आत आले, तीळ लावलेलं पावाचं कडं खाल्लं आणि मला नियम समजावून सांगितला. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य हवं, एकटं सोडलं तरी आपल्या पायांवर उभं राहील असं. आणि तरीही त्या दोघांना एकमेकांपासून लांब जायचं नसेल, तरच मध्ये अर्धविराम द्यायचा. पूर्णविराम दिला तर ताटातूट होते. नुसता स्वल्पविराम दिला तर... इथे त्यांचा आवाज कापायला लागला, म्हणून मी कॉफी पुढे केली.

गावाने हे सगळं सोसून घेतलं असतं. पण चर्चशेजारी थालियाची इंग्रजीची शिकवणी आहे ना! बेटावरचं सगळं इंग्रजी हिच्या हातून जातं, आणि बाई नाकाने कांदे सोलते. तिच्या दारावर इंग्रजीत पाटी होती: 'इंग्रजी शिका; आमच्याकडे'. दाजी सरळ आत गेले, भर वर्गात.

"थालियाबाई, उजव्या बाजूला वाक्यच नाही."

"ते शोभेसाठी आहे, वेर्नार्दोस."

"शोभेला कुंडी ठेवा."

झालं. त्या दिवसापासून थालियाने दाजींवर डूख धरला. आणि तिच्या हातात एक हत्यार होतं, ते ती जपून वापरायची. दाजींनी ताईला "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं कधी म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. थालियाचा नवरा दिनोस मात्र बायकोला चारचौघांत "माझ्या जिवा, माझ्या काळजा" म्हणायचा, खिडकीखाली उभा राहून गायचा, सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपर मारायच्या. तो दिनोस एक दिवस बोटीने मेलबर्नला गेला, गेला तो गेलाच. पण थालियाच्या मते तो प्रश्न वेगळा.

"निदान बोलायचा तरी," ती म्हणायची. "मार्केलाच्या इंग्रजाला काय, ऊन हवं होतं आणि समुद्र दिसणारं घर हवं होतं. बायको त्याबरोबर आली."

हे गावात सगळ्यांना पटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ताईच्याही मनाला कुठेतरी चाटून गेलं होतं. एकदा भट्टीत कणीक मळता मळता मला म्हणाली, "मी विचारलं गं त्यांना. सरळ विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का."

"मग?"

"म्हणाले, चहा टाकू का?"

मला हसू फुटलं. ताईला नाही फुटलं. "एकदा म्हणाले असते तर काय जीभ झिजली असती?" एवढंच बोलली आणि कणकेला अशी हाणायला लागली की मी परात धरून ठेवली.

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. छातीचं दुखणं. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी ताईने संगमरवराच्या कारागिराला, याकुमीसला, विचारलं की थडग्यावर काय लिहायचं. तो म्हणाला, "तुम्ही नका सांगू. वेर्नार्दोस स्वतःच सांगून गेलाय, धडधाकट असताना. एक ओळ, इंग्रजीत. आणि एक चिन्ह माझ्याकडून इतक्या वेळा गिरवून घेतलंन की मला वाटलं शाळेत बसलोय."

दगड उभा राहिला त्या दिवशी ताई, मी, याकुमीस आणि नेहमीची बघी मंडळी होतो. ताईला इंग्रजी वाचायला जमतं, सावकाश. तिने बोट ठेवून वाचलं, आणि तिचं तोंड असं उजळलं की मी तिला तशी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. तिचं नाव होतं दगडावर. प्रेम हा शब्द होता. दगडात कोरलेला, सगळ्या गावाला दिसेल असा.

"वाचा की मोठ्याने," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी वाचते," म्हणत थालिया पुढे घुसली. इंग्रजी म्हटलं की तिचाच मान. चष्मा चढवला, घसा साफ केला आणि वाचलं, आवाज चिन्हापाशी आभाळात नेऊन:

"त्याने मार्केलावर प्रेम केलं? तो इथेच राहिला."

तिने चष्मा काढला, पुसला. "इंग्रजी विनोद आहे हा," ती म्हणाली. "ते लोक मरतानाही टोमणा मारतात. फार सूक्ष्म असतो. प्रेम केलं का? छे, राहिला आपला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, तो अर्धविराम आहे! तुला इंग्रजी शिकवायचा पगार देतात ना लोक?"

"इंग्रजीत अर्धविराम असेल. पण दगड ग्रीसमध्ये आहे," ती थंडपणे म्हणाली. "वाचणारे आपण आहोत."

आणि कप्पाळ माझं, लोकांनी माना डोलावल्या! ताई घरी गेली, खानावळीची कडी आतून लावली आणि बसली. मी दाराबाहेरून हाका मारल्या, दाजींचा सगळा नियम ओरडून सांगितला, दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य वगैरे. आतून आवाज आला, "नियम त्यांचा गं. पण आता उद्यापासून जो येईल तो मला विचारणार, त्याने प्रेम केलं का? मी काय सांगू? चहा टाकला म्हणून सांगू?"

मग गावाने ते प्रकरण हातात घेतलं. आमच्या गावाला नळ दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, पण दुसऱ्याच्या थडग्यावरचं टिंब दुरुस्त करायला अख्खा कॉफीचा अड्डा भरला. पापा-लेफ्तेरिस, आमचे पाद्री, अध्यक्षस्थानी. याकुमीसने संगमरवराची पूड आणि डिंक आणला होता, बुजवायची तयारी म्हणून.

"वरचं टिंब बुजवलं की स्वल्पविराम उरतो," थालिया म्हणाली. "सुटसुटीत. कुणाला शंका नको."

"स्वल्पविराम?" मी उठले. "दोन वाक्यांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम? दाजी उठून बसतील!"

"मग खालची शेपटी बुजवू," पापा दाढी कुरवाळत म्हणाले. "वरचं टिंब राहील. आपल्या ग्रीकमधला अर्धविराम तोच तर आहे, वर टांगलेलं टिंब. माणूस आपल्या मातीत आहे, चिन्हही आपलंच असू दे."

"इंग्रजी वाक्यात ग्रीक टिंब! इंग्रज प्रवासी येतील ते काय समजतील?"

"माशी बसलीय समजतील," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

स्वल्पविरामवाले एका बाजूला, टिंबवाले दुसऱ्या बाजूला. ज्यांना इंग्रजीत नाव लिहिता येत नाही ते टेबलं बडवायला लागले. दोन सख्खे साडू शेपटीवरून बोलेनासे झाले. बंदरावरच्या कोळ्याने सुचवलं की दोन्ही बुजवा आणि मध्ये मासा कोरा, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

याकुमीस बिचारा पुडीची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. शेवटी म्हणाला, "मी वेर्नार्दोसला तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, हे आपल्याकडे प्रश्नचिन्ह होतं. लोक भलतंच वाचतील."

"मग काय म्हणाला?" पापांनी विचारलं.

"काही नाही. हसला. इतकी वर्षं ओळखतो त्याला, दात पहिल्यांदा बघितले."

ते कुणी मनावर घेतलं नाही. मतदान घ्यायचं ठरलं, मग मतदान हात वर करून की चिठ्ठीने यावरून पुन्हा जुंपली, आणि ठरलं एवढंच की वर्षश्राद्धाला विधवाच काय ते सांगेल, याकुमीसने सामान घेऊन हजर राहावं.

मी तशीच ताईकडे गेले. दार उघडलं होतं तिने. श्राद्धाला डाळिंब घालून सगळ्यांना वाटायचे गहू उकडून चादरीवर पसरले होते आणि ती डाळिंबाचे दाणे सोलत होती. मी अड्ड्यावरचा सगळा तमाशा सांगितला, स्वल्पविराम, माशी, मासा, साडू. ती ऐकत होती की नाही कळेना. मग याकुमीसचं सांगितलं.

तिचा हात थांबला. "हसले?"

"दात दिसले म्हणतो."

"काय विचारल्यावर?"

"हे प्रश्नचिन्ह होईल म्हटल्यावर."

ताई पुन्हा डाळिंब सोलायला लागली, पण आता गुणगुणत. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

श्राद्धाला अख्खं गाव लोटलं. दाजींच्या प्रेमाने नव्हे, टिंबाचं काय होतं ते बघायला. पापांनी प्रार्थना उरकली, धूप झाला. थालिया पहिल्या रांगेत, काळी पर्स पोटाशी धरून. याकुमीस डब्यात डिंक ढवळत उभा.

"मार्केला, बोल मुली," पापा म्हणाले. "वरचं की खालचं?"

ताई दगडापाशी गेली. लोकांकडे तोंड केलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या भाषेत वाचलं, थालियापेक्षाही आवाज वर चढवून.

"त्याने मार्केलावर प्रेम केलं?"

आणि थांबली. हाच प्रश्न या सगळ्यांनी इतकी वर्षं तिच्या पाठीमागे विचारला होता, आता तोंडावर ऐकताना एकेकाच्या माना खाली गेल्या. ताईने सगळ्यांवरून नजर फिरवली. मग साध्या आवाजात, कॉफीत साखर किती सांगावी तसं म्हणाली:

"तो इथेच राहिला."

मला रडू फुटलं. सांगायला लाज कसली? भोकाड पसरलं मी. इंग्रजीत वाचा नाहीतर ग्रीकमध्ये वाचा, दाजींनी दोन्हीकडून पक्कं करून ठेवलं होतं, आणि जन्मभर ज्या चिन्हावरून आमच्याशी भांडले तेच शेवटी आमच्या बाजूने वापरलं होतं.

"डिंक सुकवू नकोस याकुमीस, घरी घेऊन जा," ताई म्हणाली. "कशाला हात लावायचा नाही."

मी डोळे पुसले आणि थालियाकडे वळले. चार शब्द तयार ठेवले होते मी, चांगले धार लावलेले. पण ती दगडाच्या अगदी जवळ गेली होती. चष्मा न लावताच वाकली होती आणि डाव्या बाजूकडे बघतही नव्हती. तिचं बोट उजव्या बाजूच्या अक्षरांवरून फिरत होतं, एकदा, पुन्हा एकदा. ज्याचं गाणं गाव ऐकायचं तो मेलबर्नला.

मग तिचं बोट मागे येऊन त्या चिन्हावर थांबलं.

"बरोबर दिलाय," ती हळूच म्हणाली. "दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे."

ताईने टोपल्यातून गव्हाची एक पुडी उचलून तिच्या हातात ठेवली. "घे थालिया," ती म्हणाली. "डाळिंब जास्त घातलंय."